कुरोसे साहेबांच्या बायकोचे गुडघे

तीस वर्षांत कुरोसे तोकुतारो शिओमोरीतून नऊ वेळा संसदेवर निवडून गेला, तो बायकोच्या गुडघ्यांवर. स्वतःचे त्याने कधी वापरलेच नाहीत. काकांची गादी होती, काका गेले, पुतण्या बसला. एकदा मंत्री झाला तो पाच महिने. खात्याचं लांबलचक नाव तोंडपाठ होतंय तोवर मंत्रिमंडळ बदललं. पंचवीस वर्षं भरल्यावर संसदेने रीतीप्रमाणे सत्कार केला आणि त्याची मोठी तसबीर रंगवून घेतली. तसबिरीत डोळे टक्क उघडे आहेत. सभागृहात ज्यांनी त्याला पाहिलंय, त्यांना चित्रकाराचं फार कौतुक वाटतं.

मतदारसंघ सांभाळायची ती मिनेको, त्याची बायको. मासळीच्या दलालाची पोर, इथल्याच बंदरात वाढलेली. नवरा शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने टोकियोहून यायचा आणि मंगळवारी सकाळी परत जायचा. मोटारीत ती त्याला पढवायची: पुढच्या घरात म्हातारे आजोबा वारले, त्याच्या पलीकडे धाकट्याला नोकरी लागली. हा दारात उतरून दोन्ही हातांनी यजमानाचा हात धरायचा आणि धाकट्याचं दुःख करायचा, आजोबांचं अभिनंदन. मग मिनेको पुढे होऊन सारवासारव करायची.

आणि प्रचाराची शेवटची संध्याकाळ तर तिचीच. मच्छीमार संघाच्या सभागृहात सभा भरे. तोकुतारो पांढरे हातमोजे आणि नावाचा पट्टा घालून मंचावर उभा राही. मिनेकोने पुढे यायचं, गुडघे टेकायचे, कपाळ फळीला लावायचं आणि रडत म्हणायचं, "माझ्या नवऱ्याला पुरुष करून दाखवा हो!" पुरुष करा म्हणजे निवडून द्या; आमच्याकडची जुनी रीत आहे ही, उमेदवाराच्या बायकोला चुकत नाही. नऊ निवडणुका झाल्या, नऊ वेळा तिने कपाळ टेकलं. नवव्या वेळी माकूल मासळी वाळवणारी तोमेमावशी पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाली, "सत्तावीस वर्षं झाली, वहिनी. अजून झाला नाही होय?" सगळं सभागृह हसलं. मिनेकोलाही जमिनीला नाक लावल्या लावल्या हसू फुटलं.

पण त्याच संध्याकाळी तिच्या तोंडून एक वाक्य जास्त गेलं. गावच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद होणार अशी कुजबुज होती. बायकांचे ओढलेले चेहरे बघून ती म्हणाली, "तो बंद होणार नाही. माझा शब्द." तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याने हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या आणि टोकियोला जाऊन तो विसरला.

दीड वर्षाने, एप्रिलमध्ये विभागाला कुलूप लागलं. पुढच्या जानेवारीत तोमेमावशीच्या नातीला, सायोला, कळा सुरू झाल्या, तेव्हा नवऱ्याने तिला मोटारीत घातलं आणि खिंड ओलांडून सत्तर किलोमीटरवरच्या शहराकडे निघाला. बर्फाने मोटार खिंडीतच अडली. पोरगी मागच्या सीटवर बाळंत झाली. बाळ बापाच्या मासेमारीच्या जाड कोटात गुंडाळून ठेवलं. दोघी वाचल्या, तेही नशिबाने. तोमेमावशीने मिनेकोजवळ याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त टोमणे मारायचं सोडलं. रस्त्यात भेटली की नीट वाकून नमस्कार करायची आणि पुढे जायची. तो नमस्कार मिनेकोला शिवीपेक्षा झोंबायचा.

दहावी निवडणूक लागली तसं तिने जेवताना विषय काढला. "विभाग पुन्हा सुरू करून आणा. नाहीतर यंदा मी गुडघे टेकणार नाही."

तोकुतारोने भातावर चहा ओतला. "सकारात्मक विचार करू."

"तुम्ही घरात बोलताय, संसदेत नाही."

"तिथेही मी हेच बोलतो," तो म्हणाला, आणि मुळ्याचं लोणचं कुडुमकुडुम खात बसला.

बारा दिवस प्रचाराची गाडी फिरली. भोंग्यातून नाव घुमत राहिलं. भाताच्या खाचरात एखादी आकृती दिसली की तोकुतारो खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात हलवायचा; त्यातली निम्मी बुजगावणी होती. विभागाचा त्याने उल्लेखही केला नाही. मिनेको रोज वाट पाहत होती.

शेवटच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. चिटणीस हनाओका तिच्या कानाशी लागला. "वहिनी, आता तुम्ही."

मिनेको पुढे आली आणि उभीच राहिली. "मागच्या वेळी इथे मी तुम्हाला शब्द दिला होता. तो मोडला. शब्द मोडलेल्या बाईने पुन्हा कपाळ टेकायचं नसतं," एवढं बोलून ती मंचावरून उतरली आणि बायकांच्या रांगेत खुर्चीवर जाऊन बसली. तिला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तोकुतारोने हनाओकाकडे पाहिलं, हनाओकाने छताकडे. आणि मग साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं सुचलं. ते धाडकन खाली पडले. सवय कुठली! आधी हात, मग कोपर, मग एका कुशीवर. कसंबसं कपाळ फळीला लागलं आणि त्यांनी गळा काढला, "मी नालायक आहे! बायकोनेही सोडलं मला!" त्यांना उठताही येईना. हनाओका आणि दोन कोळ्यांनी बगलेत हात घालून उभं केलं, तेव्हा नाकातून पाणी वाहत होतं. नऊ वेळा मिनेकोकडे कोरड्या डोळ्यांनी बघणाऱ्या बायका पदराला हात घालावा तशा रुमाल शोधू लागल्या. मेल्या!

दुसऱ्या दिवशी मतदान झालं आणि रात्री आठच्या ठोक्याला टीव्हीवर निकाल लागला. तीस वर्षांतलं सर्वांत मोठं मताधिक्य. तोकुतारोने विजयाचा शकुन म्हणून दोन्ही हातांत लालभडक मासा उंच धरला, सगळ्यांनी तीनदा जयघोष केला. मग तो मिनेकोकडे वळून कौतुकाने म्हणाला, "काय डोकं चालवलंस! हनाओका म्हणतो, पुढच्या वेळीही असंच करू."

सोमवारी सकाळी मिनेको बंदरावर गेली. तोमेमावशी दोरीवर माकूल टांगत होती. बऱ्याच महिन्यांनी ती आपणहून बोलली. "वहिनी, परवा तुम्ही ताठ उभ्या राहिलात. बरं वाटलं जिवाला."

"मत कुणाला दिलंत, मावशी?"

मावशीने हातातलं माकूल उगीच उलटंसुलटं केलं. "त्यांनाच."

"त्यांनाच?"

"अहो, रडले बिचारे. एवढा मोठा माणूस, आपटला की हो! दया आली."

"माझी नाही आली कधी? नऊ वेळा?" मिनेकोचा आवाज चढला.

"तुम्ही काय, सवयीच्या," मावशी सहज म्हणाली. मग जवळ सरकली. "एक सांगायचं होतं. सायोला पुन्हा दिवस गेलेत. फेब्रुवारीत भरतात. तेवढं साहेबांच्या कानावर घाला ना. आता पाघळलंय त्यांचं मन. करतील काहीतरी."

'हो, नक्की सांगते' हे मिनेकोच्या ओठांवर आलं होतं. तीस वर्षं ते असंच आपोआप यायचं. तिने ते गिळलं.

"ते काहीही करणार नाहीत, मावशी," ती म्हणाली. "सायोला जानेवारीतच शहरात नेऊन ठेवा. पहिल्याच आठवड्यात. बर्फाने खिंड अडायच्या आत."