पेटीतले फोन

कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे फ्यूज म्हणत. कधी उडेल त्याचा नेम नसे. मास्क मिळत नाहीत म्हणून एकदा मुकादमावर उडाला आणि कायमचा घरी बसला. बसला म्हणजे हातावर हात धरून नव्हे. भंगारातून जुना कॉम्प्युटर उचलला, पुस्तकं चाळली, चुकत-माकत शिकला आणि न्हाणीघरावरच्या माळ्यावर स्वतःचा सर्व्हर उभा केला.

रंगखात्यातल्या चाळीस कामगारांच्या छातीचे एक्स-रे, रिपोर्ट, धुराचे व्हिडिओ, सगळं त्यावर. कुणी विचारलं, "एवढा खटाटोप कशाला? बड्या कंपनीच्या क्लाउडवर टाक की," तर तो तडकायचा. "माल आपला आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला? आपण काय दूधखुळे आहोत?"

कारखान्याविरुद्धच्या खटल्याची सुनावणी परवावर आली होती. त्या चाळीस छात्या हाच सगळा पुरावा.

एकच सूट त्यानं दिली होती. झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या होत्या, "बाबा रे, ते मेलं दर वेळी पासवर्ड मागतं. रंगानं बोटं फाटलीत माझी, फोनसुद्धा मला ओळखत नाही." त्यानं हसून त्यांच्या फोनचं लॉक काढलं आणि त्यातलं खातं कायमचं उघडं करून दिलं.

सर्व्हरवर कोण आलं, काय उघडलं, याची नोंद आपोआप होते. ती वाचल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. आज त्यात मावशी दिसल्या. दहा बारा : एक्स-रे उघडला. दहा चौदा : पुसला. मग दुसरा. मग तिसरा. पुसलेलं जिथं साठतं ती टोपलीही साफ.

"म्हातारीनं कुठं बोटं घातली!" त्यानं रागानं फोन लावला. दोनदा वाजला आणि कुणीतरी कट केला.

मग त्याला आठवलं, आणि राग जागच्या जागी गोठला. पाळी आठ ते चार. आत जाताना प्रत्येकाचा फोन गेटवरच्या पेटीत जमा होतो, आपापल्या नंबरच्या कप्प्यात. मावशींच्या हातात आत्ता झाडू होता. फोन नव्हता.

त्यानं इंटरनेटची वायर उपटली. मशीनचा पंखा घरघरत राहिला. चाळीसपैकी नऊ छात्या उरल्या होत्या.

"खा माती," तो गेटच्या दिशेनं पुटपुटला. "दुसरी प्रत आहे माझ्याकडे."

होतीच. कामगारांच्या गुरुवारच्या बैठकीत त्यानं छाती फुगवून सांगितलं होतं, "माळा जळाला तरी बेहत्तर! दुसरी डिस्क माझ्या बहिणीच्या शिलाई मशीनच्या खणात आहे." लिहिणाऱ्यानं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. आणि तो वृत्तान्त शिस्तीत सर्व्हरवर चढवला कुणी? त्यानंच.

नोंदीतली शेवटची ओळ त्यानं आता वाचली. दहा एकतीस : मावशी : बैठकीचा वृत्तान्त उघडला. तो पुसला नव्हता.

घड्याळात अकरा वीस झाले होते.

बहिणीनं लगेच फोन घेतला. "दादा, शंभर वर्षं आयुष्य बघ तुला! तुझीच माणसं बसलीत इथं."

"कुठली माणसं?"

"तूच पाठवलीस ना डिस्क न्यायला? दोघं आहेत. किती सभ्य रे, तुझ्यासारखे वसवस करत नाहीत. खणाची किल्लीच सापडत नाहीये मेली."

"अगं, तू दाराबाहेर ये. आत्ता."

"दार त्यांनीच लावलंय. वारा येतो म्हणाले." ती हसली. मग तिनं आवाज खाली आणला. "दादा, आज वारा कुठंय?"

आयुष्यात कुणापुढे मान न तुकवलेल्या त्या माणसानं आज ती तुकवली. "देऊन टाक," तो कसाबसा म्हणाला. "खण फोड, पण देऊन टाक. आणि माझ्याशी बोलत राहा, फोन ठेवू नकोस. ऐकतेस ना?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फोन कट झाला. मघाशी मावशींचा झाला होता, तसाच.