अस्तराखालचं दोन बोटं कापड

माझ्या रागानं माझ्या धाकटीचं नुकसान केलं. हे मी कोणाजवळ बोलत नाही, पण आहे ते आहे.

पवनीत मी पंचवीस वर्षांपासून बायकांचे कपडे शिवते. थोरलीच्या लग्नाचा लेहंगाही मीच शिवला होता. मरून कापड, त्यावर जरीचं भरगच्च काम, टिकल्या, काचेचे मणी. मण्यावर आदळली की सुई तुटते, म्हणून शिवणीच्या रेषेवरचा एकेक मणी आधी काढायचा, मग शिवायचं आणि हातानं परत लावायचा. डोळे गेले माझे त्या कामात. कंबरेला आणि चोळीच्या दोन्ही बाजूंना मी आतून दोन-दोन बोटं कापड जास्तीचं सोडलं होतं. लग्नानंतर पोरी अंगानं भरतात. पुढं कधी घालावासा वाटला तर उसवून सैल करता यावा. वरून अस्तर असं बसवलं की कोणाला पत्ता लागू नये. थोरलीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

सैल करायची वेळच आली नाही. दोन वर्षांत बाळंतपणात गेली माझी पोर. बाळ तेवढं वाचलं.

बाळ आठ महिन्यांचं झालं आणि आंधळगावहून, तिच्या सासरहून, निरोप आला. धाकटी द्या म्हणे. लेकराला सख्खी मावशी असताना परकी कशाला आणायची? जावई माणूस वाईट नाही, हे मीही म्हणते. आमच्या ह्यांनी लगेच मान हलवली. धाकटीला कोणी विचारलंच नाही. ती नर्सिंगचा फॉर्म भरून यादीची वाट पाहत होती. मी तरी विचारायला पाहिजे होतं. बाळाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मूग गिळून बसले.

देव झोपायच्या आधीचा, आषाढातला शेवटचा मुहूर्त धरला. मग विहीणबाई स्वतः आल्या, सोबत त्यांची जाऊ, आणि पिशवीत तोच लेहंगा.

"आमच्या घरची लक्ष्मी ह्याच्यात आली होती," विहीणबाई म्हणाल्या. "हेबी ह्याच्यातच यावी, एवढी माही इच्छा. अंगाले नाही बसला तर नवा घेऊ. पण मंग तुळशीच्या लग्नानंतरच करू. आमाले घाई नाही."

धाकटीला आतल्या खोलीत नेऊन घातला. ती थोरलीपेक्षा अंगानं भरलेली. चोळी पाठीवर चार बोटं उघडी राहिली, कंबरेचा हूक लागेना. मी चाचपून पाहत होते, तर तिनं माझं मनगट धरलं.

"आई, नाही होत म्हणून सांग ना. दिवाळीपर्यंत माही यादी लागते. एकदा अ‍ॅडमिशन झाली का मी सोता बाबाले सांगीन."

मी "बरं" म्हटलं. देवाशपथ, मनापासून म्हटलं. बाहेर येऊन सांगितलंही, "नाही होत, विहीणबाई. लय तंग आहे." त्यांनी मान डोलावली आणि लेहंग्याची घडी घालायला घेतली. तिथंच सगळं मिटलं असतं.

पण त्यांची जाऊ बोलली. "मी म्हनलं नोतं? असं भारी काम गावच्या मशीनवर नाही होत. आतमंधी बोटभर कापड तरी सोडाव का नाही? नागपूरचा टेलर असता तर सोडलं असतं."

पायाची आग मस्तकात गेली माझ्या. ह्या बाईनं मला शिवण शिकवावं?

"कोण म्हणते नाही सोडलं म्हणून?" लेहंगा ओढून घेतला, उलटा केला आणि सगळ्यांसमोर ब्लेडनं अस्तर उसवलं. आतलं कापड बाहेर काढलं, अजून कोरंच होतं. "हे पाहा! दोन बोटं इकडून, दोन तिकडून. चार दिवसांत अंगाले बसवून दाखवीन."

बोलून गेले आणि मग दारात धाकटी दिसली. तिनं त्या कापडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. रडलीसुद्धा नाही.

चार दिवस मी मशीनवर बसले. मोकळ्या झालेल्या पट्टीवर काम नव्हतं, तर ओढणीच्या टोकाचे मणी काढून तिथं लावले. ब्लेड एकदा वाकडं चाललं असतं तर सगळं बिघडलं असतं. मनात आलं नाही असं नाही, पण हात धजला नाही. खरं सांगायचं तर बिघडलेलं काम मला माझ्या नावावर नको होतं. लाज वाटते हे लिहिताना.

लग्नात लेहंगा असा बसला की जोड कुठं आहे ते मलाही शोधावं लागलं. ती जाऊबाई चारचौघींत माझं कौतुक करत फिरली. पोरगी मांडवात थोरलीसारखी दिसत होती, आणि मला तिच्याकडे पाहवेना.

यादी महिनाभरानं लागली. तिचं नाव होतं.

आता लेकरू तिलाच आई म्हणते. धाकटी सणाला येते, दोन दिवस राहते. मागच्या खेपेला आली तेव्हा अंगात रेडिमेड ब्लाऊज, खांद्यावरून घसरणारं. किती वाळली होती. मी म्हटलं, "काढ इकडं, दोन टाके मारून देते, पाच मिनिटांचं काम."

तिनं खांद्यावर पदर ओढून घेतला.

"राहू दे, आई. तुह्या हातचं लय बरोबर बसते."