काऊन नदीचं खरं नाव

वर्ध्याच्या बसस्थानकावरून जंगलाकडे जाणारी एसटी सुटली, तेव्हा माझ्या पोटात सकाळच्या तर्री-पोह्यांनी आग लावली होती. कंडक्टर जवळ आला.

"काऊन पुलाचं एक द्या," मी म्हणालो.

"काऊन?"

"हो, काऊनच."

"तसं नाई जी. मी इचारून राह्यलो, तिथं काऊन जाता? ना हाटेल, ना देऊळ."

"असंच," म्हणून मी खिडकीबाहेर पाहू लागलो. कापूस वेचायला निघालेल्या बाया दिसल्या, तुरीची शेतं दिसली. कंडक्टर मान हलवत पुढे गेला.

वऱ्हाडी न येणाऱ्या वाचकांसाठी सांगतो : काऊन म्हणजे का, कशासाठी. बावीस वर्षांपूर्वी मलाही हे ठाऊक नव्हतं आणि माझं पाप तिथूनच सुरू होतं. आजवर ते घरीही सांगितलेलं नाही.

मी पुण्याचा. नकाशे करणाऱ्या एका कचेरीत नोकरी. या रानातली एक छोटी नदी उगमापासून संगमापर्यंत चालायची, तिची वळणं टिपायची आणि नाव लिहून आणायचं, असं काम मला मिळालं. काठावर मोहाच्या झाडाखाली एक माणूस शेळ्या चारत होता. त्याचं नाव सोमाजी मडावी. ते मी वहीत नीट लिहिलं. मग विचारलं, "या नदीचं नाव काय?" त्यानं मला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "काऊन?"

मी लिहिलं, काऊन. पुढे कंसात : माहिती देणार, सोमाजी मडावी.

चार दिवसांनी वर्ध्याच्या खाणावळीत वाढपी म्हणाला, "काऊन जेवून नाई राह्यले भाऊ?" तेव्हा कुठे मला त्या शब्दाचा अर्थ कळला. कागद आदल्या दिवशी टपालात पडले होते. चूक सुधारायला एक पत्र पुरलं असतं. मी ते लिहिलं नाही. नाव नकाशात गेलं, नकाशातून पुलाच्या पाटीवर आणि पाटीवरून लोकांच्या तोंडी.

गेल्या दिवाळीनंतर कचेरीत त्या भागातला एक सहकारी आला. हसत हसत सांगू लागला, आमच्याकडे एक 'काऊनबुढा' आहे, त्यानं सरकारी माणसाला नदीचं नाव चुकीचं सांगितलं. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्यानंतर मला नीट जेवण गेलं नाही.

पुलावर उतरलो. पाटी होती, नदी नव्हती. खाली नुसती रेती. उगमाच्या दिशेनं अर्धा तास चाललो, दोन्ही बाजूंना साग, मधे पळस. एका वळणावर पाणी चमकलं. आनंदानं पुढे धावलो आणि गुडघ्यापर्यंत ओल्या रेतीत रुतलो.

मागून आवाज आला, "तिथं काऊन गेले जी?"

शेळ्या घेऊन उभा असलेला म्हातारा मी ओळखला. त्यानं मला नाही. त्यानं काठी पुढे केली, मी बाहेर आलो. डावा बूट आतच राहिला.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "हे नदी चीजा ठेवून घेते."

घरी त्याच्या बायकोनं, चिंधाबाईनं, भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी वाढली. दुसरी भाकरी पानात पडल्यावर मी सगळं सांगून टाकलं. अर्ध्या पोटी सांगण्याचं धैर्य नव्हतं.

सोमाजीच्या आधी, त्याच्याकडे हात करत बोलली ती चिंधाबाई. "अरे बाप्पा! तुमीच व्हय ते टोपीवाले? बावीस वर्सं मी यायले म्हनून राह्यली, खोटं नाव काऊन सांगतलं? हे म्हनत, म्या काईच सांगतलं नाई!"

"मंग? काई सांगतलं होतं का म्या?" सोमाजीनं माझ्याकडे वळून विचारलं.

"काहीच नाही."

"आइकलं?" तो बायकोला म्हणाला आणि तिसरी भाकरी त्यानं स्वतःच्या हातानं मला वाढली.

"पण खरं नाव का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"रानात वहीवाला आला का आमी आधी इचारतो, काऊन? वहीत लिवलेलं मंग आपलं राह्यत नाई."

माझ्याच वहीनं त्याचं नाव नेलं होतं.

मग त्यानं नदी सांगितली. सागाच्या टेकडीवर काळ्या खडकाखाली उगम. तिथून खळखळत त्या वळणापर्यंत येते आणि रेतीत शिरते. पुलाखालून कुणालाही न दिसता जाते, पलीकडे अर्जुनाच्या मुळांशी वर येते आणि मोठ्या नदीला मिळते. म्हणून तिचं नाव लपकी. माझ्या नकाशात तेवढ्या भागात तुटक रेघ आहे. एवढं एक मी बरोबर काढलं होतं.

"आता चौकात चला," सोमाजी म्हणाला. "मले सांगून काय फायदा? मले तं माईतच होतं."

चहाच्या टपरीपुढच्या ओट्यावर, एका पायात बूट, दुसरा अनवाणी, असा उभा राहून मी बोललो. लोक इतके हसले की चहावाल्याचं दूध उतू गेलं. एक जण ओरडला, "मंग काऊनबुढा हे साहेब झाले ना!" सोमाजीनं सर्वांसमोर मान डोलावली आणि मला चहा पाजला.

परतीला तोच कंडक्टर भेटला. माझ्या खिशात नदीचं नाव बदलण्याचा अर्ज होता. त्यात लिहिलं होतं, लपकी. कंसात : माहिती देणार, सोमाजी मडावी. खालच्या ओळीत, चूक करणार, आणि माझं नाव. हा मजकूर सोमाजीनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला होता.

कंडक्टरनं माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं. "तिकडं काऊन गेलते भाऊ?"

मी सरकून त्याला बाजूला जागा दिली. वर्धा येईपर्यंत मी सांगत होतो.