मार्सेल गवंड्याचा उपास

होळी गावच्या मार्सेल गवंड्याने चाळीस वर्षं भिंती बांधल्या. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. आजही ओळंबा सोडून पाहा, खोट निघणार नाही. गुडघे गेले तेव्हा त्याने थापी धुतली, पुसली आणि खिळ्याला टांगली. मग हातांना काम काय? तर मोबाइलवर वरून विटा पडतात, तो खेळ.

नाद तसा जुना. मुलगी ॲनिशा सात वर्षांची झाली तेव्हा वाढदिवसाला त्यानेच बाजारातून एक हातात मावणारं यंत्र आणलं होतं. वरून विटांचे आकार पडायचे, बटणं दाबून ते बसवायचे, एक ओळ भरली की ती गायब. "नीट चालतंय का बघतो," असं म्हणून मार्सेलने ते हातात घेतलं. तपासणी तीन दिवस चालली. ॲनिशाने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा त्याची बायको मटिल्डा हिने ते त्याच्या हातातून काढून लेकीला दिलं.

इतकी वर्षं खेळून माणूस तरबेज तर व्हावा! नाही. मार्सेल कायम हरायचा, आणि त्याला कारण त्याचा धंदा. वरच्या विटेचा सांधा खालच्या सांध्यावर आला की भिंत चिरते, हे त्याच्या हाडात मुरलेलं. खेळातही चौकोनावर चौकोन सरळ ठेवायला त्याचा हात धजायचा नाही. तो एक घर सरकवून ठेवायचा. खाली भोकं राहायची, ओळ भरायची नाही आणि विटा वर जाऊन टेकायच्या. चुकून एखादी ओळ भरली आणि गायब झाली, तर त्याला त्याचाही राग. "बांधलेलं काम पाडतात? कुठल्या बिनडोकाने केलंय हे?"

ॲनिशा आता नायगावला चौदाव्या मजल्यावर राहते. रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की बापलेक आपापल्या मोबाइलवर सामना लावायचे. खेळता खेळता बोलायचीही सोय होती.

"पप्पा, परत सरकवलीस?"

"मजबूत पाहिजे."

"अरे, ती फोनमध्ये आहे. कोणाच्या डोक्यावर पडणार नाही."

"भिंत ती भिंत."

आणि अधूनमधून, विटा पडता पडता, ती सांगायची. साहेब कसा खेकसला, इमारतीत पाणी किती वाजता आलं, बोंबलाचं कालवण कसं बिघडलं. अर्धा तास कुठे गेला, कळायचं नाही.

यंदा ईस्टरआधीचा, आवडीची एखादी गोष्ट सोडायचा उपासाचा काळ आला. उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी मटिल्डाने विचारलं, "या वेळी काय सोडणार?"

"दारू."

"ती डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सोडवली. टकल्याने कंगवा सोडला म्हणून त्याला कोण शाबासकी देईल?"

"मग मटण."

"चावायला दात आहेत?"

"मग काय सोडू?"

मटिल्डाने मोबाइलकडे बोट केलं. "सोडलेलं जाणवलं नाही तर त्याग कसला! दरवर्षी गावभर कोण सुनावतं हे? मी नाही."

मार्सेल आपल्याच वाक्यात सापडला. दुसऱ्या दिवशी कपाळावर राख घेऊन तो चर्चमधून आला आणि त्याने मोबाइल कपाटात ठेवून दिला. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात तो कॅलेंडरसमोर उभा राहून दिवस मोजायला लागला. एकदा मोजले, दोनदा मोजले. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत सेहेचाळीस. उपास तर चाळीस दिवसांचा! मापात सहाची चूक. तो तडक फादर पीटरकडे गेला.

फादर हसले. "मधले सहा रविवार धरत नाहीत, मार्सेल. रविवार आनंदाचा."

दुखऱ्या गुडघ्यांनी तो जवळजवळ धावतच घरी आला. "रविवारी चालतं! फादरांनी सांगितलं!"

"चालतं ना. खेळा," मटिल्डा भाजी निवडत म्हणाली. "सहा जागी भोकं ठेवायची आणि भिंत पुरी झाली म्हणायचं. तुमच्या हाताखालच्या गड्याने असं केलं असतं तर?"

असं करणाऱ्याला मार्सेलने सगळी भिंत उतरवायला लावली असती. त्याने कपाट उघडलं नाही.

त्याच आठवड्यातल्या रविवारी ॲनिशाचा मटिल्डाच्या फोनवर फोन आला.

"पप्पा, बरा आहेस?"

"बरा."

"जेवलास?"

"जेवलो."

"आणखी काय?"

"काय नाय."

"बरं, मम्मीला दे."

अर्धं मिनिट. मार्सेलने फोन दिला आणि ओट्यावर जाऊन बसला. कुठल्या कामाला किती सिमेंट आणि किती रेती, हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा हा माणूस. पण लेकीला काय विचारायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं. विटा पडत होत्या तोवर विचारावं लागलंच नव्हतं. अजून पाच आठवडे होते. तोवर पोरीला अर्ध्या मिनिटाची सवय होऊन बसली तर? रोझरीची वेळ झाली तरी तो उठला नाही. मटिल्डाला हाक मारावी लागली.

सोमवारी प्रार्थना झाली. मटिल्डाने चष्मा लावला, कपाट उघडलं आणि नवऱ्याचा मोबाइल काढला.

"काय करतेस?"

"पोरीचा खेळ कशाला मोडायचा? मी काय हे सोडलेलं नाही."

तिने लेकीशी सामना लावला आणि पहिली वीट मधोमध उभी केली. दुसरी तिच्या डोक्यावर. मार्सेलने डोळे मिटून घेतले. तिसरीला मात्र त्याला राहवलं नाही.

"अगं, आडवी कर!"

"हात लावायचा नाही."

"नाही लावत. डावीकडे घे. डावीकडे! जेवतेस तो हात नव्हे!"

फोनमधून ॲनिशाचं हसू फुटलं. "पप्पा, तू खेळतोयस?"

"मी नाही. मी मुकादम."

त्या अर्ध्या तासात त्याला कळलं, की ॲनिशाच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय, साहेबाची बदली झाली आणि तिलाही हल्ली एकटीने खेळायचा कंटाळा येतो. नळाचं काय करायचं ते त्याने दहा मिनिटं समजावलं. तेवढ्यात मटिल्डा तीनदा हरली.

उपास मोडला का? मार्सेलने आपल्या मापाने निकाल दिला. मुकादमी म्हणजे काम नव्हे, हे तो चाळीस वर्षं छाती ठोकून सांगत आलाय. तेव्हा उपास शाबूत. उरलेल्या दिवसांत एकाही संध्याकाळी मुकादमाने खाडा केला नाही.

ईस्टरला ॲनिशा नायगावहून आली. जेवणं झाली. मार्सेलने हात धुतले, पुसले आणि मोबाइलसाठी पुढे केले.

"थांबा हो, ही ओळ भरते," मटिल्डा मान वर न करता म्हणाली. चौकोनावर चौकोन, सांध्यावर सांधा, बेधडक. ओळ भरली, गेली. दुसरीही गेली. शेजारी ॲनिशा टाळ्या पिटत होती.

"चिरेल ती भिंत," मार्सेल म्हणाला.

"पप्पा, इकडे ये. तिथून तुला दिसणार नाही," असं म्हणून ॲनिशा सरकली आणि तिने मध्ये जागा केली.

तो दोघींच्या मध्ये बसला. हात मांडीवर ठेवले.

"डावीकडे," तो म्हणाला.