आमच्या गल्लीची लूप लाइन

काखेत गुंडाळलेली हिरवी झेंडी, उजव्या हातात उलगडलेली लाल, आणि ओठांवर एकच वाक्य : "दमानं, पाव्हणं, दमानं." रविवारी सकाळी लोणावळ्यातल्या आमच्या गल्लीत वळणाऱ्या कुठल्याही मोटारीला प्रथम हे दर्शन घडे. मोटार कितीही मोठी असो, आबा तिच्यासमोर असे निवांत उभे राहत, जणू पाठीशी अख्खी रेल्वे उभी आहे.

एका अर्थी ती होतीच. कामशेतच्या बाजूला एका फाटकावर गेटमन म्हणून त्यांचा जन्म गेला होता. गाडी सुखरूप पुढे जाईपर्यंत हिरवी झेंडी धरून उभे राहायचे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ते मुलाकडे आमच्या गल्लीत राहायला आले आणि नागरिक मंडळाच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारले, इथला स्टेशन मास्तर कोण? अध्यक्ष म्हणून सर्वांनी माझ्याकडे पाहिले. तेव्हापासून मी त्यांची 'मास्तरीनबाई' झाले, आणि त्यांच्यासमोर पदर सावरून बसू लागले.

असे मंडळ तुम्हीही पाहिले असेल : गटार तुंबले की जमणारे आणि चहा संपला की पांगणारे. आमचे खरे दुखणे एकच होते, पावसाळ्यातले शनिवार-रविवार. फोनमधला नकाशा पर्यटकांना डोंगराची वाट म्हणून आमच्या गल्लीत आणून सोडी. गल्लीच्या टोकाला डोंगर नाही, दम्याने थकलेल्या काकूंचे घर आहे. तिथे जाऊन गाड्या अडकत. धुक्यात जळक्या क्लचचा वास मिसळे आणि कुंपणावरच्या कृष्णकमळांना तो दुपारपर्यंत सोडत नसे.

उपाय म्हणून मंडळाने एकमताने पाटी लावली : 'पुढे पाहण्यासारखे काहीही नाही.' पर्यटनाच्या गावात अशी पाटी कुणी वाचलेली नसावी. लोक गाडीतून उतरून तिच्याशेजारी फोटो काढू लागले, आणि मग इथे नक्की काय लपवले आहे ते पाहायला पुढे येऊ लागले. आबांनी पाटी मोठ्याने वाचली.

"मास्तरीनबाई, आपन ऱ्हातो हितं," ते म्हणाले. "एवढं बी वाईट दिसत न्हाई आपन."

पाटी उतरली, गाड्या मात्र उतरल्या नाहीत. अशाच एका रविवारी काकूंचा दमा उसळला. बोलावलेली रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच गाड्यांमागे अडकली. शेवटी काकूंना खुर्चीत बसवून माणसांनी उचलून नेले. मोटारींच्या फटींतून वाट शोधणारी ती खुर्ची मला अजून दिसते आणि काकूंच्या छातीतली बारीक शीळ अजून ऐकू येते. काकू वाचल्या. संध्याकाळच्या बैठकीत गल्लीच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवून कुलूप घालायचे, असे सारे एका सुरात बोलले. किल्ली अर्थातच आबांकडे. फाटकावर जन्म गेलेल्या माणसाचा याहून मोठा सन्मान कोणता?

आबा झेंड्या मांडीवर आडव्या ठेवून बसले होते.

"फाटक लावत्यात ते गाडी जायची असती म्हनून. गेली की उघडायचं. तुमी तर लावूनच ठेवनार. रानातनं भाजी घेऊन बाया येत्यात, त्यांनी काय माज्याकडं किल्ली मागायची?"

मग काकूंची रुग्णवाहिका जायची कशी, असे कुणीतरी चिडून विचारले.

"बाकीच्या लूपला घ्यायच्या."

मागून जलद मेल गाडी येत असली की मालगाडीला बाजूच्या रुळावर, लूप लाइनला घेतात आणि मेलला वाट देतात, हे त्यांनी समजावले. पण आमच्या गल्लीला बाजूचा रूळ कुठला? आबांनी उत्तरादाखल एकेका सभासदाकडे बोट केले. रूळ म्हणजे आमची अंगणे. शिट्टी झाली की प्रत्येकाने आपल्या दारासमोर अडकलेली पाहुण्यांची गाडी आत घ्यायची, आणि त्यासाठी रविवारी अंगणाच्या फाटकांची कुलुपे काढून ठेवायची.

कुरकुर मोठी झाली. एक कुलूप लावायला जमलेल्यांना आपापली सगळी कुलुपे काढायला सांगितले जात होते. अखेर गणपतीपर्यंत करून पाहायचे ठरले. काकूंची गाडी एकदा जरी थांबली तर लोखंडी फाटकाचे कुलूप आपण स्वतः बाजारातून आणू, असा शब्द आबांनी दिला. त्या शब्दावर त्यांचे सगळे आयुष्य उभे होते, आणि आमच्यासाठी काकूंचा श्वास.

सराव सुरू झाले. पहिल्याच सरावात एका सभासदाची गाडी माझ्या सोनटक्क्याच्या वाफ्यात शिरली. चिरडलेल्या फुलांचा गोड, दुखरा वास अंगणभर पसरला. आबांनी पाहणी केली. "लूप लय चांगलाय तुमचा," ते म्हणाले, "फकस्त फुलं मदी येत्यात." मी सोनटक्का मागल्या दारी लावला.

गणपतीला थोडे दिवस उरले असताना काकूंचा श्वास पुन्हा अडला. रविवार, दाट धुके, गल्ली गाड्यांनी गच्च. आबांची शिट्टी वाजली. "मेल हाय मागं, लूपला घ्या," म्हणत ते एकेका काचेवर बोटाने टकटक करीत गेले. गोंधळलेले पाहुणे अनोळखी अंगणांत शिरले, तुळशीवृंदावनांशेजारी, वाळत घातलेल्या कपड्यांखाली. रुग्णवाहिका आत गेली आणि काकूंना घेऊन बाहेर आली, कुठेही न थांबता. आबा तोंडाशी ताठ उभे होते, हिरवी झेंडी आडवी धरून. चेहरा ओला होता. धुक्याने असेल.

त्या दिवशी माझ्या अंगणात पुण्याच्या एका कुटुंबाने चहा घेतला आणि डोंगर न पाहताच ते संतुष्ट मनाने परतले. लोखंडी फाटकाचा विषय बैठकीत पुन्हा निघाला नाही.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. तोही रविवार होता. शववाहिका त्यांच्या दाराशी आली तेव्हा गल्लीत नेहमीसारख्याच गाड्या होत्या. या वेळी शिट्टी वाजवायला कुणी नव्हते. तरी एका अंगणाच्या फाटकाची बिजागरी करकरली, मग दुसऱ्याची, मग पलीकडच्याची. कुणी हाक मारली नाही. पाहुण्यांच्या गाड्या एकामागून एक आत वळल्या. एवढी मोकळी गल्ली मी रविवारी कधी पाहिली नव्हती. ओल्या डांबरावर आकाश तेवढे पडले होते.

गल्लीच्या तोंडाशी, आबांच्या जागेवर, काकू उभ्या होत्या. त्या इतक्या लांब चालत कशा आल्या, कोण जाणे. गाडी वळणाआड होईपर्यंत त्यांनी आबांची हिरवी झेंडी खाली येऊ दिली नाही.