अनाक्लेतोचा रिसीव्हर

उरुग्वे नदीकाठच्या आमच्या गावाचा पहिला टेलिफोन लाइनमन अनाक्लेतो. खांबावर चढायचं, तारेला चिमटे लावायचे आणि कमरेच्या रिसीव्हरवर बोलून लाइन तपासायची, यात त्याची चौतीस वर्षं गेली. दवाखान्याचा पहिला फोन त्याने १९५८ साली तपासला, तो याच रिसीव्हरवर.

आता तो रिसीव्हर गावच्या संग्रहालयात ठेवायचा होता. माझी जुनी विद्यार्थिनी ग्रिसेल्दा त्याची माहिती लिहीत होती. तिने कानाकडचं झाकण फिरवून उघडलं. आतल्या चकतीवर १९७१ साल छापलेलं होतं, तेच तिने कागदावर लिहिलं.

"काका, दवाखान्याचा फोन तर याच्या आधीचा," ती शेजारी बसलेल्या अनाक्लेतोला हळूच म्हणाली.

"पोरी, पुरात भिजला म्हणून चकती बदलली. माझे दातही नवे आहेत, म्हणून मी काय कालचा झालो? तोंडाकडचं झाकण उघड."

तिथे दांड्यावरच खिळ्याने कोरलं होतं: अ. ब., ५८. लाइनमन एकमेकांची हत्यारं बिनधास्त उचलत, म्हणून वस्तू हाती आली की त्याच दिवशी प्रत्येक जण नाव आणि साल कोरून ठेवी.

ग्रिसेल्दाने १९७१ खोडून १९५८ लिहिलं. अनाक्लेतोने टोपी काढून ते दोनदा वाचलं.

"दवाखान्याचं नावही लिही," तो म्हणाला.