तुळशीरामकाकांचा खडा

रायपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत तुळशीरामकाका परिचर होते, तेही दरवर्षी नव्या कंत्राटावर. पण स्फटिक घडवावा तर त्यांनीच. ते त्याला खडा म्हणत. डांबरगोळीत असतं तेच नॅफ्थलीन दुसऱ्या शुद्ध पदार्थात चिमूटभर मिसळायचं, काचेच्या नळीत वितळवायचं आणि नळी मुंगीच्या पावलांनी भट्टीतून खाली सोडायची. पंधरा दिवसांनी नितळ खडा निघायचा. माझे पहिले चारही तडकले. ‘घाई करून राहिल्या तुम्ही, दीदी,’ एवढंच ते म्हणाले.

खडा अतिथंड करून चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगायचा, त्यावर दिवा मारायचा आणि विझवायचा. अंधारात तो हिरवट चमकत राही. काका मोजत, ‘एक, दोन, तीन...’ चुंबक फिरवला की ती चमक किती बदलते, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यासाठी खडा अगदी सरळ लागायला हवा. तो काका नजरेनंच लावत, आणि माझ्या मार्गदर्शक सरांचा त्या नजरेवर भारी विश्वास.

पुढे माझे आलेख एका बाजूला झुकू लागले. सर हरखले. नवाच परिणाम सापडला म्हणून दोन निबंध छापूनही आले. प्रबंध त्यावरच उभा राहणार होता.

एका दुपारी काकांनी प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं.

‘दीदी, खडा तिरपा लागून राहिला. मले बाजूचं दिसत नाही. दोन वर्षं झाली. डॉक्टर काचबिंदू म्हणते.’

‘मग बोलले काहून नाही, काका?’

‘कंत्राट गेलं असतं ना. पण तुमची डिग्री खोटी व्हावी, हे काही मले सहन होत नाही.’

मी यंत्रानं खडा सरळ लावला. आलेख दोन्ही बाजूंनी सारखा आला. वर्षभर सगळी मापं पुन्हा घेतली. सरांना कारण सांगावंच लागलं, आणि त्या मार्चनंतर काकांचं कंत्राट संपलं. प्रबंधाच्या आभारात मी त्यांचं नाव लिहिलं होतं, ते सरांनी खोडलं. ‘हे नाव दिसलं तर याला का काढलं विचारत कोणीतरी ते दोन निबंध उकरून काढेल. झाकली मूठ राहू दे.’ मी जनरेटरवाल्याचेसुद्धा आभार मानले, काकांचे नाही. सरांना काय बोल लावू? मान मीच डोलावली होती. त्याची लाज अजून जात नाही.

गेल्या महिन्यात प्रबंध घेऊन बूढापाऱ्यात त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी अंजनाबाईंनी पाणी दिलं. काकांना आता काहीच दिसत नाही. त्यांनी तो जाडजूड प्रबंध मांडीवर घेतला.

‘माझं नाव हाय काय यात?’

‘आहे ना, काका.’

‘कुठं? बोट ठेवून द्या माझं.’

मी आभाराचं पान उघडलं आणि त्यांचं बोट सरांच्या नावावर ठेवलं. काका त्यावरून हळूहळू बोट फिरवत राहिले.

अंजनाबाई शाळेत शिकवायच्या. चष्मा लावून त्या वाकल्या, ते नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘हव,’ त्या काकांना म्हणाल्या, ‘हाये. मोठ्या अक्षरात हाये.’